गादी सरकली

कोल्हापुरात ‘गादी’ म्हटले की आधी छत्रपतींची गादी डोळ्यांसमोर येते. मार्केट यार्डात मात्र आडत दुकानातल्या पांढऱ्या खोळीच्या बैठकीलाही गादीच म्हणतात, आणि मी गेली २७ वर्षे अशाच एका गुळाच्या आडतीत, त्या गादीवर मांडी घालून, हिशेब लिहीत आलो आहे. तिसऱ्या गादीशी, म्हणजे दोन मणक्यांच्या मधे असणाऱ्या चकतीशी, माझी ओळख वयाच्या ५२व्या वर्षी झाली. ती ओळख कशी झाली आणि पुढे फिजिओथेरपीने मला काय शिकवले, ते थोडे सविस्तर लिहीत आहे, कारण या दुखण्यात मी ज्या चुका केल्या त्या माझ्यासारखी बैठी कामे करणारी बरीच माणसे करताना दिसतात.

दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की गुळाच्या आवकीचा हंगाम भरात येतो. सकाळी सौदे, त्यानंतर वजने, आणि मग हमाली, तोलाई, आगाऊ उचल वजा करून प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार करणे, असे काम संध्याकाळपर्यंत चालते. पूर्वी हे सारे वहीत होते, आता लॅपटॉपवर आहे, पण लॅपटॉपही त्याच बैठ्या मेजावर ठेवलेला असल्यामुळे पाठ पूर्वीपेक्षा अधिकच वाकते. मी आयुष्यात कधी गुळाचा ३० किलोचा रवा, म्हणजे ढेप, उचललेला नाही. म्हणून माझे दुखणे कळल्यावर आमच्या हमालांपैकी एकजण म्हणाला, “दिवाणजी, रवं उचलतोय आम्ही, आन् कंबर तुमची गेली व्हय?” त्या वेळी मला राग आला होता. पुढे समजले की त्याचा प्रश्न अगदी रास्त होता: दिवसभर ओझे उचलून पुन्हा सरळ उभ्या राहणाऱ्या पाठीपेक्षा, दहा तास एकाच जागी वाकून बसलेली पाठ कमी कष्टात असते हा आपला समजच मुळात तपासून पाहण्यासारखा आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दात घासताना एक शिंक आली आणि उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कोणी तापलेली तार ओढत नेल्यासारखे झाले. शिंक, खोकला किंवा शौचाच्या वेळी जोर लावणे यामुळे मणक्याच्या आतला दाब वाढतो आणि दबलेली नस अधिकच चिडते, हे नंतर कळले. तेव्हा मात्र बेसिनला धरून उभा राहण्यापलीकडे मला काही सुचले नाही. दोन-तीन दिवसांनी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. कोल्हापुरी चप्पल घालताना अंगठा त्याच्या पट्ट्यात अडकला आहे की नाही, हे मला खाली पाहिल्याशिवाय कळेनासे झाले होते. दुकानाच्या पायऱ्या चढताना उजव्या पायातली चप्पल मागेच राही आणि मी अनवाणी पुढे जाई.

घरात आणि शेजारी सर्वांनी निदान केले ते ‘उसण भरली’ असे. उसणीवर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे पायाळू माणसाची, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याची, लाथ. आमच्या गल्लीत एक पायाळू गृहस्थ आहेत आणि त्यांनी संकोचत का होईना, माझ्या पाठीला तीनदा पाय लावला. त्यांचा पाय हलका होता, हे माझे नशीब. उसण ही स्नायूची, दोन-चार दिवसांत आपोआप सुटणारी. माझे दुखणे नसेचे होते. गंमत म्हणजे आयुर्वेदात या दुखण्याचे, म्हणजे सायटिकाचे, नेमके वर्णन फार पूर्वीपासून आहे. त्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, आणि त्या आठवड्यात आरशात माझी चाल पाहिल्यावर नाव ठेवणाऱ्याच्या निरीक्षणाला मी मनोमन दाद दिली.

सर्वांत जास्त दुखे ती पोटरी, म्हणून मी तेल लावून पोटरीच चोळत होतो. पण दुखणे होते ते सायटिक नसेचे. ही नस कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या पातळीवरून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पाच मुळांची मिळून बनते. शरीरातली ही सर्वांत जाड नस, हाताच्या अंगठ्याएवढी. ती कुल्ल्याच्या स्नायूखालून, मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या वर दोन फाट्यांत विभागून पावलापर्यंत जाते. मुळाशी दाब पडला तरी मेंदूला वाटते की दुखणे फांदीच्या टोकालाच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी अवस्था होती.

पहिल्यांदा मी ज्या ठिकाणी उपचार घेतले तिथे पंधरा दिवस रोज कमरेला ट्रॅक्शन म्हणजे ताण, वीस मिनिटे यंत्राचा शेक आणि निघताना कमरेचा पट्टा असा क्रम होता. पायाला कोणी हातसुद्धा लावला नाही, की अंगठ्याबद्दल विचारले नाही. शेकाने तासभर बरे वाटे आणि स्कूटरवरून यार्डात पोहोचेपर्यंत सगळे पूर्ववत होई. त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो, एमआरआय झाला, आणि अहवालात एल-४ व एल-५ या कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती मागे सरकून उजवीकडच्या एल-५ या नसमुळावर दाब देत असल्याचे आले. त्याच अहवालात आणखी दोन चकत्यांना फुगवटा, पाण्याचा अंश कमी, मणक्यांची झीज, अशी इतकी वाक्ये होती की तो वाचून मी स्वतःला जवळजवळ मोडीत काढले होते. डॉक्टरांनी चार-पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या, शस्त्रक्रियेची आज घाई नाही असे सांगितले आणि राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवले.

त्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. अहवालाचा लिफाफा मी पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारले, “काका, किती दुखतं ते राहू दे. कुठपर्यंत दुखतं, ते बोटानं दाखवा.” मी कुल्ला, मांडीची बाहेरची बाजू, पोटरीची बाहेरची बाजू आणि शेवटी पावलाच्या वरून अंगठ्यापर्यंत बोट फिरवले. मग त्यांनी मला उताणे झोपवून गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलला. डावा पाय जवळजवळ काटकोनात गेला, उजवा ३५ अंशांवरच ओरडायला लावून थांबला. त्यानंतर त्यांनी माझ्या अंगठ्याच्या नखावर आपले एकच बोट ठेवले आणि अंगठा माझ्याकडे ओढून धरायला सांगितले. डाव्या अंगठ्याने ते बोट सहज रोखले. उजवा अंगठा, मी सर्व ताकद लावलेली असताना, एका बोटाच्या दाबाने खाली गेला. वेदनेपेक्षा त्या क्षणी मला अधिक भीती वाटली. मग टाचांवर चालायला लावले, तेव्हा सहाव्या पावलाला उजव्या पायाचा पुढचा भाग फरशीवर आपटला. तिथेच त्यांनी चपलेचे कोडे सोडवले: एल-५ हे मूळ ज्या भागाची जाणीव सांभाळते त्यात पावलाची वरची बाजू आणि अंगठा येतात, आणि अंगठा वर उचलण्याची ताकदही मुख्यतः त्याच्याकडूनच येते.

एवढे झाल्यावर त्यांनी अहवाल उघडला आणि तो वाचून दाखवताना एक माहिती दिली, जिने मला बराच धीर आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एक एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के माणसांच्या चकत्यांना फुगवटा आढळला होता, आणि त्यांना कसलाही त्रास नव्हता. म्हणजे माझ्या अहवालातल्या दहा ओळींपैकी माझ्या पायाशी संबंध असलेली ओळ एकच होती. बाकीच्या वयाच्या नोंदी होत्या, केस पिकण्यासारख्या.

उपचार सुरू झाला तो पाहून मला प्रथम फसवणूक झाल्यासारखे वाटले. मला पालथे झोपायला सांगण्यात आले, बस्स. पाच मिनिटांनी कोपरांवर टेकून छाती उचलायची, आणि ते जमल्यावर कंबर सैल सोडून, हातांच्या जोरावर फक्त वरचे शरीर उचलायचे. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. या पद्धतीमागे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचे नाव आहे आणि तिचा उगम एका अपघातात आहे. १९५६ साली त्यांच्या वेलिंग्टनच्या दवाखान्यात, तीन आठवडे उपचार करूनही पायाचे दुखणे न हटलेला एक रुग्ण आला. त्याला पालथे झोपा असे सांगून ते दुसऱ्या कामात गुंतले, पण आधीच्या रुग्णासाठी टेबलाची एक बाजू वर उचललेली होती हे कोणाच्या लक्षात आले नाही. तो भला माणूस तशाच अवस्थेत, पाठ मागे वाकवून, पाच मिनिटे पडून राहिला. मॅकेन्झी परत आले ते घाबरून, तर रुग्ण म्हणाला की तीन आठवड्यांत पायाला इतके बरे कधी वाटले नव्हते. त्याचे दुखणे पायातून निघून कमरेच्या मध्याकडे सरकले होते. पायाकडून कमरेकडे दुखणे असे सरकत जाणे हे सुधारणेचे चिन्ह मानतात, आणि माझ्या उपचाराचा सगळा गाभा हाच होता.

मॅडमनी मला रोजची नोंद ठेवायला सांगितले, आणि हे काम मला सांगावे लागत नाही. पेढीवरची एक कोरी लाल वही घेऊन मी रकाने आखले: वेळ, त्याआधी काय करत होतो, दुखण्याचे शेवटचे टोक कुठे, व्यायामानंतर ते टोक कुठे. “सकाळी ६. उठल्याबरोबर. पावलापर्यंत. पालथे १० मिनिटे. नंतर पोटरीपर्यंत.” “दुपारी १. गादीवर तीन तास. अंगठ्यापर्यंत, मुंग्या. नंतर फरक नाही.” आठवडाभराची पाने उलटली तेव्हा कोणाच्याही उपदेशाशिवाय दोन गोष्टी दिसल्या. बैठक तासाच्या वर गेली की टोक खाली उतरते, आणि चालून आल्यावर ते वर चढते.

नवव्या-दहाव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. पायातले दुखणे गुडघ्याच्या वर आले, पण कंबर पूर्वी कधी दुखली नव्हती इतकी दुखू लागली. मी अर्थ लावला की व्यायामाने नवेच दुखणे मागे लावले, आणि मॅडमना न विचारता तीन दिवस सगळे बंद केले. आवक जोरात असल्याने त्या तीन दिवसांत गादीवरून उठलोही नाही. चौथ्या दिवशी कंबर शांत होती आणि अंगठ्याला पुन्हा मुंग्या होत्या. वही घेऊन गेलो तेव्हा मॅडमनी ती पाने पाहिली आणि म्हणाल्या, “काका, कंबर दुखायला लागली त्या दिवशी तुम्ही पेढे वाटायला हवे होते.” दुखण्याचे टोक वर सरकत असताना कंबर काही दिवस जास्त दुखू शकते, तेव्हा तीव्रता न पाहता ठिकाण पाहायचे, उलट कंबर बरी वाटून दुखणे पायात खाली उतरू लागले, तर जे करत आहोत ते थांबवून कळवायचे. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच नीट उमजली असती, तर माझे किमान दोन आठवडे वाचले असते.

इथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. हे वाचून कोणी उद्यापासून पालथे पडून व्यायाम सुरू करू नयेत. माझी आत्या सत्तरी ओलांडलेली आहे; तिचेही पाय दुखतात, पण ते उभे राहिल्यावर आणि चालल्यावर, आणि बसून पुढे वाकले की लगेच बरे वाटते. तिच्या मणक्यातली नसांची वाटच वयोमानाने अरुंद झाली आहे, आणि पाठ मागे वाकवली की ती अधिक आवळते. मला जो व्यायाम औषध ठरला तो तिला त्रासाचा ठरला असता. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सायटिकावर रामबाण’ चित्रफितींना हा भेद माहीत नसतो.

दुसरी चूक मी रंकाळा तलावावर केली. पदपथाच्या कठड्यावर पाय ठेवून, गुडघा ताठ करून, तळपायाकडे वाकणारी मंडळी तिथे रोज सकाळी दिसतात. शीर आखडली आहे, म्हणजे ती ताणायला हवी, अशा सरळ हिशेबाने मीही ते केले आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. नस हा स्नायू नव्हे, आणि चिडलेली नस ताणून धरली तर ती आणखी चिडते. तिला हवे असते ते आजूबाजूच्या मांसातून पुढेमागे सरकणे. त्यासाठीचा व्यायाम दिसायला पोरखेळासारखा आहे: खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर न्यायची आणि गुडघा वाकवताना मान खाली आणायची. एका टोकाला ओढ देताना दुसरे टोक सैल सोडायचे, नाडी ओवलेल्या लेंग्यात नाडी इकडून तिकडे सरकवावी तसे. कुठेही थांबायचे नाही, कळ येण्याआधीच परत फिरायचे.

पाचव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम आले: उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणे, टाचांवर चालणे. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही; ते कंटाळवाणे असतात आणि करावे लागतात. चालणे मी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला पाच मिनिटांनी सुरू केले आणि दर तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवत नेले. पूर्ण अंथरुणात पडून राहण्याने सायटिका लवकर बरी होत नाही, हे आता सगळीकडे मान्य आहे, तरी पाहुणे येऊन “पडून राहा, हलू नका” असेच सांगत होते.

गादीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. आमच्या शेठजींच्या तीन पिढ्यांनी त्या बैठकीवर बसून व्यापार केला आहे, तिथे टेबल-खुर्ची मागणे म्हणजे देव्हारा हलवा म्हणण्यासारखे होते. मी लाल वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ‘गादीवर तीन तास’ या नोंदींवरून बोट फिरवत चार पाने वाचली आणि दुसऱ्या दिवशी गोदामातले जुने टेबल पुसून कोपऱ्यात लावलेले होते. खुर्चीवर कमरेच्या खोलगट जागेत मी टॉवेलची गुंडाळी ठेवतो आणि दर अर्ध्या तासाला उठून सौद्याच्या कट्ट्यापर्यंत जाऊन येतो. हिशेबात मोठाच फरक पडेल अशी मला धास्ती होती; पडला नाही.

शस्त्रक्रियेविषयी मला विरोधाची भूमिका घ्यायची नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितला होता. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचे पायाचे दुखणे लवकर थांबले, परंतु वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबून पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही त्यांनी लपवले नाही. बाहेर आलेला चकतीचा तुकडा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेऊ शकते, आणि त्या काळात माणूस हलता ठेवणे हे फिजिओथेरपीचे काम. काही लक्षणे मात्र थांबून पाहण्याची नसतात. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचे, असे मॅडमनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. अंगठ्याची ताकद त्या दर आठवड्याला तपासत होत्या तीही याचसाठी. ती घसरत गेली असती तर त्या मला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवणार होत्या.

अकराव्या आठवड्यात दुखण्याचे टोक कुल्ल्यावर आले आणि चौदाव्यात त्या रकान्यात लिहायला काही उरले नाही. पाय आता ७५ अंशांपर्यंत उचलला जातो. टाचांवर दवाखान्याची खोली दोनदा पार होते. बधिरपणा मात्र सर्वांत शेवटी जातो, असे मॅडम पहिल्यापासून सांगत होत्या, आणि अंगठ्याच्या बुडाशी तो रुपयाएवढा अजून आहे. हंगाम संपल्यावर चप्पल लाईनमध्ये नवी चप्पल घ्यायला गेलो. दुकानदाराने चप्पल पायात चढवली आणि सवयीने विचारले, “अंगठा आवळतोय काय, काका?” मी खाली न पाहता सांगितले, “आवळतोय. जरा सैल दाखवा.”